चिमणी घेताय? आधी पाइपची वाट बघा, मग खोक्यावरचा आकडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण किचन चिमणीवर बोललो. व्हिडिओत हातवारे करून समजावता येतं, पण आकडे कानातून निसटतात. म्हणून इथे सगळं हिशेबासकट लिहून देते. सेव्ह करून ठेवा, दुकानात जाताना उघडा.

आता काही जण म्हणतील, ताई, उद्योगाच्या चॅनलवर चिमणी कुठून आली? दोन कारणं आहेत. एक म्हणजे तुमच्यातले कितीतरी जण घरच्याच ओट्यावरून डबे, फराळ, मसाले सुरू करताहेत. धंद्यासाठी घेतलेलं पहिलं मोठं यंत्र बऱ्याचदा चिमणीच असतं. दुसरं म्हणजे ज्यांना दुकान टाकायचंय, वस्तू विकायच्यात, त्यांना या चिमणीतून माझी एक चूक सांगायची आहे. फुकट शिकून घ्या, मला ती महागात पडली.

मी विकलेली एक चिमणी

आमचं सांगलीत शेगड्या, मिक्सर, चिमण्यांचं दुकान आहे. मी काउंटर सांभाळायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एक ताई आल्या. घरून वीस डबे द्यायच्या आणि उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घ्यायच्या. आता मिरची भाजायची म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. खकाणा उठला की घरच काय, अख्खा जिना शिंकतो. घरात दम्याच्या सासूबाई. त्यांनी भिशीचे पैसे आणले होते. म्हणाल्या, "बाराशे सक्शनवाली दाखवा, सगळ्यात जास्त ओढणारी."

मी दाखवली. सोळा हजारांना विकली. बिल केलं, चहा पाजला, खूश झाले.

आठ दिवसांनी फोन. धूर जातच नाही. मी म्हणाले, कंपनीची सर्व्हिस बोलवा. सर्व्हिसवाला आला, मोटर चांगली आहे म्हणाला, गेला. पुन्हा फोन. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्या स्वतः दुकानात आल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "तुम्ही मला मशीन विकलं, धूर माझ्याकडेच ठेवला."

त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेले. पाच मिनिटांत सगळं कळलं. ओटा घराच्या मधल्या भिंतीला. तिथून पाइप १४ फूट फिरत, तीन काटकोनी वळणं घेत मागच्या भिंतीपर्यंत गेलेला. आणि भिंतीला आधीपासून ४ इंचांचं भोक होतं, म्हणून फिटरने ६ इंचांचा पाइप शेवटी ४ इंचांवर आणून बसवला होता. मशीन बिचारं बरोबर होतं. धुराची वाटच बुजलेली होती.

फिटरला शिव्या घालणं सोपं होतं. पण खरं सांगू? मी विकताना एकदाही विचारलं नव्हतं की ताई, तुमचा ओटा कुठे आहे आणि बाहेरची भिंत कुठे आहे. बीबीएला असताना गिऱ्हाइकाची गरज ओळखणं यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. काउंटरवर आल्यावर तेच विसरले.

आता मुद्द्यावर येऊ.

चिमणी नेमकं करते काय?

फोडणी पडली की गरम हवा, वाफ आणि तेलाचे बारीक कण वर उठतात. चिमणीचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी हा धूर पसरायच्या आत हूडखाली पकडायचा. मग फिल्टरमध्ये तेल अडवायचं. आणि उरलेली हवा पाइपातून घराबाहेर टाकायची.

यातला एक टप्पा जरी लंगडा असला तरी बाकीचे दोन कितीही भारी असून उपयोग नाही. आणि दुकानात आपण फक्त मशीन बघतो. पाइप तर खोक्यातही नसतो, तो बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. म्हणून क्रम उलटा करा. खरेदी पाइपपासून सुरू करा.

पायरी १: धुराची वाट मोजा

टेप घ्या. शेगडीच्या वरपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत किंवा खिडकीपर्यंत अंतर मोजा. किती वळणं येतील ते कागदावर काढा. मग हे नियम लावा:

- पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ. एक काटकोनी वळण म्हणजे पाइप आणखी काही फूट लांब केल्यासारखंच. वळण टळत नसेल तर एकदम काटकोन न करता सैल, गोलसर वळवून घ्या.
- मशीनचं तोंड ६ इंचांचं असेल तर पाइप शेवटपर्यंत ६ इंचांचाच हवा. ६ चा ४ केला तर "दोनच इंच कमी झाले" असं वाटतं. पण हवा जाते ती गोलाच्या क्षेत्रफळातून. ४ चा वर्ग १६, ६ चा वर्ग ३६. म्हणजे वाट निम्म्याहूनही कमी राहिली, साधारण ४४ टक्के. तेवढीच हवा त्यातून ढकलायची तर पाइपातला अडथळा सातपटीहून जास्त होतो. मोटर ओरडते, धूर ओट्यावरच.
- लवचिक ॲल्युमिनियमचा पाइप लावणार असाल तर तो पूर्ण ताणून लावा. उरलेला कापून टाका. बऱ्याच ठिकाणी तो भात्यासारखा चेपून कपाटात कोंबलेला असतो. प्रत्येक घडीत हवा अडते आणि तेल साठतं.
- साधा पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडतो, पण उष्णतेने वाकतो. धातूचाच घ्या.
- बाहेरच्या टोकाला आपोआप मिटणारी पट्ट्यांची जाळी बसवा. नाहीतर पावसाचं पाणी आत येतं आणि कबुतरं घरटं करतात. हे मी गमतीने सांगत नाही, आम्ही पाइपातून काड्या काढल्यात.
- फ्लॅट असेल तर भिंत फोडण्याआधी सोसायटीला विचारा. आणि पाइपचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येऊ देऊ नका. धंदा घरून करायचा तर शेजारी आपल्या बाजूने हवेत.

त्या ताईंच्या घरी आम्ही शेवटी काय केलं? ओट्याच्या बाजूला एक खिडकी होती. तिची वरची काच काढून तिथे पत्रा बसवला आणि पत्र्याला ६ इंचांचं भोक पाडलं. पाइप राहिला ५ फूट, एक वळण. खर्च आला २,३०० रुपये, तो मी दिला. मशीन तेच, मोटर तीच. मिरची भाजली, सासूबाई पलीकडच्या खोलीत बसून राहिल्या.

पायरी २: रुंदी आणि उंची

बाजारात घरगुती चिमण्या मुख्यतः ६०, ७५ आणि ९० सेंटिमीटर रुंदीच्या मिळतात. नियम सोपा: हूड शेगडीइतका तरी रुंद हवा, कमी नको. दोन बर्नरची शेगडी असेल तर ६० बहुतेक वेळा पुरते. तीन-चार बर्नर असतील तर ७५ किंवा ९० बघा. अंदाज करू नका, शेगडी मोजूनच या.

उंची साधारणपणे गॅस शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे २६ ते ३० इंच सांगतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात असतो, तोच पाळा. खाली आणली तर भांडं आणि डोकं आपटतं, शिवाय ज्वाळेचा धोका. वर नेली तर धूर हूडपर्यंत पोचायच्या आत पसरतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर उभी करून, शेगडीवर तुमचं सगळ्यात उंच पातेलं ठेवून मग खूण करा.

एक छोटी गोष्ट. ओट्यावर पंख्याचा झोत येत असेल तर चिमणीकडून अपेक्षा ठेवू नका. पंखा धूर आडवा उडवतो, चिमणीला तो वर हवा असतो.

पायरी ३: सक्शनचा आकडा वाचायला शिका

खोक्यावर १०००, १२००, १५०० असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तासाला इतके घनमीटर हवा. हा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या स्पीडचा आणि कमीत कमी अडथळ्यातला असतो. तुमच्या घरात फिल्टर, पाइप, वळण आलं की प्रत्यक्षात हवा कमी जाते.

मग आपल्याला किती हवं? ढोबळ हिशेब करू.

समजा, स्वयंपाकघर १० फूट लांब, ८ फूट रुंद, १० फूट उंच आहे. गुणाकार ८०० घनफूट. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट, म्हणून आपली खोली झाली जवळजवळ २३ घनमीटर. आपल्या फोडणी-तळणाच्या स्वयंपाकाला तासाला २० वेळा हवा बदलायची धरली तर २३ गुणिले २० म्हणजे ४६०. पाइप आणि फिल्टरमधली घट भरून काढायला दुप्पट धरा. आले सव्वानऊशे.

म्हणजे पाइप नीट असेल तर या घराला १००० ची चिमणी पुरते. पाइप वाकडातिकडा असेल तर १५०० ची घेऊनही रडगाणं तेच. ओपन किचन असेल तर मात्र हॉलची जागाही हिशेबात धरा.

आवाजाचा आकडाही विचारा. तो डेसिबलमध्ये असतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दिवसाला चार तास ओट्याशी उभं राहायचंय तुम्हाला. फार आवाज असेल तर माणूस चिमणी बंदच ठेवतो.

पायरी ४: फिल्टर

जाळीचा फिल्टर: ॲल्युमिनियमच्या बारीक जाळ्यांचे थर. स्वस्त, पण तेलकट स्वयंपाकात लवकर तुंबतो. सतत धुवायची तयारी हवी.

बॅफल फिल्टर: वळणदार स्टीलच्या पट्ट्या. हवा वळते, जड तेलाचे थेंब पट्टीवर आदळून खाली ओघळतात. धुवायला सोपा आणि टिकाऊ. तळण-फोडणी रोज असेल तर मी हाच सांगते.

फिल्टरलेस: समोर जाळी नाही, तेल कपात जमा होतं. रोजची धुण्याची कटकट कमी. पण तेल आत पंख्यापर्यंत जातं, त्यामुळे सर्व्हिस वेळेवर हवी.

आणि आता लाडका प्रश्न, ऑटो क्लीनचा. बटण दाबलं की बऱ्याच मॉडेलमध्ये आतली कॉइल तापते, पंख्यावर चिकटलेलं तेल पातळ होऊन कपात उतरतं. चांगली सोय आहे. पण ती पाइप साफ करत नाही, फिल्टर धुत नाही आणि कपही तुम्हालाच रिकामा करावा लागतो. "ऑटो क्लीन आहे, बघायलाच नको" असं कुणी विकत असेल तर हसून पुढचा प्रश्न विचारा.

साठलेलं तेल म्हणजे नुसती घाण नाही, आगीला खाऊ आहे. रोज तळण असेल तर फिल्टर आठवड्याला गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा.

पाइपच काढता येत नसेल तर?

मग दुकानदार डक्टलेस दाखवतील. यात कोळशाचा फिल्टर असतो, हवा गाळून परत घरातच सोडतात. वास आणि तेल काही प्रमाणात कमी होतं. पण उष्णता आणि वाफ घरातच राहते, गॅसच्या ज्वलनातून येणारे वायूही राहतात. साधा कोळशाचा फिल्टर धुता येत नाही, साधारण ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. तळण जास्त असेल तर त्याआधीच. भाड्याच्या घरात, दोन माणसांच्या स्वयंपाकाला ठीक. डब्यांच्या किंवा चटणीच्या धंद्याला मी विकत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

उलट, ओट्याजवळ बाहेरची भिंत आहे, खिडकी आहे, तळण क्वचित, अशा घराला कधीकधी चांगला एक्झॉस्ट फॅनही पुरतो. तो धूर पसरल्यावर खोलीची हवा बाहेर काढतो, चिमणी पसरायच्या आत पकडते, एवढा फरक. पण किमतीतही मोठा फरक आहे. सुरुवातीचं भांडवल कमी असेल तर लाजायचं कारण नाही.

आणि तुमचं काम वाढून मोठी भट्टी, रोज किलो-किलोचं तळण असं झालं असेल तर घरगुती चिमणीच्या मागे लागू नका. वॉरंटी कार्ड वाचा, बऱ्याचदा "फक्त घरगुती वापरासाठी" असं लिहिलेलं असतं. तिथे स्टीलचा हूड बनवून घेऊन वेगळा ब्लोअर लावतात. ते काम फॅब्रिकेशनवाल्याचं.

एक धोक्याची सूचना

चिमणी जितकी हवा बाहेर टाकते, तितकी हवा कुठूनतरी आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या लावून चिमणी चालवली तर ती ओढणार काय? ओट्यापासून थोडी लांबची खिडकी फटीएवढी उघडी ठेवा.

घरात गॅस गीझर असेल तर हे जास्त महत्त्वाचं. बंद घरात चिमणीच्या ओढीने गीझरचा जळका वायू उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वास नसतो. दोन्ही एकदम, बंद घरात चालवू नका. याच्यात तडजोड नाही.

धंद्याच्या वहीत चिमणी कशी लिहायची?

घरून धंदा करणारे इथेच चुकतात. चिमणी "घरासाठी घेतली" म्हणून डब्याच्या किमतीत धरतच नाहीत. त्या ताईंचाच हिशेब मांडू.

- मशीन १६,००० आणि पाइप-फिटिंग धरून एकूण १८,५००. पाच वर्षं वापर धरला तर महिन्याला सुमारे ३०८ रुपये. यालाच घसारा म्हणतात.
- वर्षाला दोन सर्व्हिस, ८०० रुपयांच्या. महिन्याला १३३.
- वीज: २०० वॅटची मोटर, रोज ४ तास, महिन्याला २६ दिवस. जवळजवळ २१ युनिट. १० रुपये युनिट धरला तर २०८. तुमच्या बिलातला दर बघून लावा.

एकूण झाले सुमारे ६५० रुपये. रोज २० डबे, २६ दिवस, म्हणजे ५२० डबे. डब्यामागे सव्वा रुपया.

बघा, अठरा हजार ऐकून छातीत धस्स होतं. सव्वा रुपया ऐकून होत नाही. पण तो सव्वा रुपया किमतीत धरला नाही तर पाच वर्षांनी नवीन मशीनसाठी पुन्हा भिशीच फोडायची वेळ येते. शिवाय घरून खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि त्यांच्या स्वच्छतेच्या नियमांत जागा हवेशीर असणंही येतं. म्हणजे हा खर्च धंद्याचाच आहे.

विकणाऱ्यांसाठी माझी पाच वाक्यं

त्या दिवसानंतर आमच्या काउंटरवर एक कार्ड चिकटवलंय. चिमणी मागितली की दाखवण्याआधी हे विचारायचं:

१. ओट्यापासून बाहेरची भिंत किती फुटांवर?
२. वाटेत वळणं किती? भोक आहे का, असलं तर किती इंचांचं?
३. शेगडी किती रुंद?
४. रोज काय शिजतं, तळण किती, कितीजणांचं?
५. घर स्वतःचं की भाड्याचं?

उत्तरं नसतील तर मी चिमणी विकत नाही, ओट्याचे दोन फोटो आणि मापं घेऊन उद्या या म्हणते. सुरुवातीला नवरा म्हणाला, "आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतेस?" काहीजण खरंच परत येत नाहीत. पण जे येतात त्यांची तक्रार येत नाही, आणि ते दुसऱ्याला घेऊन येतात. ती ताई आता दर उन्हाळ्यात मला चटणीची बरणी पाठवते. पैसे घेत नाही, मी जबरदस्तीने देते.

आजचं काम

चिमणी बसवलेली असेल तर आज एक परीक्षा घ्या. गॅस बंद ठेवून चिमणी मधल्या स्पीडवर सुरू करा. उदबत्ती पेटवून शेगडीच्या चारही कडांना धरा. धूर सरळ वर ओढला जातोय की बाजूला पळतोय, ते बघा. पळत असेल तर मशीन बदलायच्या आधी पाइप तपासा.

आणि घ्यायची असेल तर दुकानात जायच्या आधी टेप घेऊन ओट्याशी उभे राहा. लांबी, वळणं, भोक, शेगडी, उंची. पाच आकडे एका कागदावर. तो कागद हातात असला की दुकानदार तुमच्याशी वेगळ्याच पद्धतीने बोलतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय.

पुढच्या आठवड्यात ओला ग्राइंडर: भाड्याने की विकत? तोवर वही लिहीत राहा. भेटू!